कूनवाराचे तीन त्रिकोणी माथे: एक कॅबरने-शिराझ आणि दोनदा उभी राहिलेली वाइनरी

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यात, अॅडलेडपासून पावणेचारशे-चारशे किलोमीटरवर, कूनवारा नावाचा द्राक्षपट्टा आहे. तिथल्या ‘विन्स कूनवारा इस्टेट’ या वाइनरीची एक लाल वाइन ‘द गेबल्स’ या नावाने विकली जाते. उतरत्या छपराच्या टोकाला भिंतीचा जो त्रिकोणी माथा दिसतो, त्याला गेबल म्हणतात. विन्सच्या जुन्या दगडी इमारतीला असे तीन माथे शेजारी शेजारी आहेत आणि सत्तर वर्षं तेच चित्र त्यांच्या बाटल्यांवर छापलं जातंय. आत दोन द्राक्षं, कॅबरने सोव्हिन्यॉन आणि शिराझ. संग्राहक ज्या बाटल्यांवर पैसे उधळतात, त्या याच वाइनरीच्या वेगळ्या बाटल्या. ही रोजच्या जेवणातली. तरी प्रकरण अभ्यासासाठी मी हीच घेतली, कारण या मिश्रणातली दोन द्राक्षं म्हणजे त्या जागेची दोन आयुष्यं आहेत.

माझा या विषयाशी संबंध कसा आला ते आधी सांगतो. निफाड तालुक्यात आमची बाग आहे. वाइन द्राक्षाला चांगले दिवस होते तेव्हा आम्हीही दोन एकर शिराझ लावली होती. २०१०च्या आसपास ज्या कंपनीशी करार होता, तिने माल उचलला नाही. घड वेलीवर सुकले. पुढच्या वर्षी नानांनी शिराझ काढून थॉमसन ही खायच्या द्राक्षाची जात लावली. खोडं उपटून बांधावर रचली होती, त्यांच्याकडे बघत नाना एवढंच म्हणाले, “झाडाचा काय दोष होता?” हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. वेल निरोगी, माती जमलेली, घड भरलेले, तरी बाग उपटावी लागते, असं का होतं? कूनवारामध्ये हे आमच्या कितीतरी आधी आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडलं. फरक एवढाच की तिथे सगळ्या वेली उपटल्या गेल्या नाहीत.

लाल मातीची पट्टी

आधी माती, कारण सगळ्याचा पाया तीच आहे. लाखो वर्षांपूर्वी हा भाग समुद्राखाली होता. समुद्र टप्प्याटप्प्याने मागे हटत गेला आणि जाताना वाळूच्या टेकड्यांच्या रांगा सोडून गेला. अशाच एका बुटक्या उंचवट्यावर मऊ चुनखडीचा थर आहे आणि त्यावर लोहयुक्त लाल माती. तिला ‘टेरा रोसा’ म्हणतात. कुठे ही माती वीतभर खोल, कुठे कमरेइतकी. पट्टी सुमारे पंधरा किलोमीटर लांब आणि बहुतेक ठिकाणी दोन किलोमीटरपेक्षाही अरुंद. तिच्या दोन्ही बाजूंना काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन. पावसाळ्यात काळ्या जमिनीत पाणी साचतं आणि लाल पट्टीवरचं चुनखडीतून खाली झिरपून जातं. वेलीच्या मुळांना याहून चांगलं काय हवं?

आपल्याकडे मुरमाड हलकी जमीन आणि भारी काळी जमीन यांतला फरक ज्याने पायाखाली अनुभवलाय, त्याला ही पट्टी लगेच समजेल. तिथल्या वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या राहू शकतात, कारण दक्षिण ऑस्ट्रेलियात फायलॉक्सेरा ही मुळं खाणारी कीड पोचलेली नाही. आपण पाण्याच्या आणि क्षाराच्या त्रासापायी डॉगरिजच्या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळांवर, कलम करतो. तिथे त्या चुनखडीवर खुंटाशिवाय लावलेल्या वेली साठ-सत्तर वर्षं उभ्या आहेत.

हवा मात्र गार. समुद्र साठेक किलोमीटरवर आहे आणि उन्हाळ्यात त्या किनाऱ्याला खोलातलं थंड पाणी वर येतं, त्यामुळे संध्याकाळी वारा गार होतो. द्राक्ष सावकाश पिकतं. काढणी मार्चमध्ये सुरू होऊन एप्रिलभर चालते, कधी मेमध्येही जाते. वसंतात कोवळ्या फुटीवर दंव गोठण्याची भीती कायम. निफाडला थंडीची लाट आली की आपण बागेत शेकोट्या पेटवतो, तशीच त्यांची रात्र जागून जाते. ते तुषार सिंचन सुरू करतात, फुटीवर बर्फाचं पातळ कवच चढतं आणि आतला कोंब वाचतो.

या हवेत पिकलेल्या द्राक्षात साखर बेताची राहते, आंबटपणा टिकतो, रंग आणि वास गडद होतो. जेवणाबरोबर प्यायच्या लाल वाइनला हे आदर्श. पण एके काळी हाच गुण त्या पट्टीच्या मुळावर आला.

रिडॉकची वसाहत

जॉन रिडॉक १८२७ साली स्कॉटलंडमध्ये जन्मला. सोन्याच्या शोधात लोक व्हिक्टोरियाकडे धावत होते त्या काळात तो ऑस्ट्रेलियात आला. सोन्यापेक्षा सोनं शोधणाऱ्यांना माल विकण्यात त्याला जास्त कमाई झाली. १८६१ साली त्याने पेनोला गावाजवळचं यलम नावाचं मोठं मेंढपाळी रान घेतलं आणि तो त्या भागातला मातब्बर माणूस झाला. १८६५ साली तो प्रांतिक विधानसभेवर निवडून गेला, तेव्हा त्याच मतदारसंघातून अॅडम लिंडसे गॉर्डन हा कवीही निवडून आला होता.

१८९० साली, साठी ओलांडल्यावर, रिडॉकने आपल्या जमिनीचा एक भाग तोडून ‘पेनोला फळ वसाहत’ काढली. दहा-दहा एकरांचे तुकडे पाडून फळबागा आणि द्राक्षं लावू इच्छिणाऱ्या कुटुंबांना ते विकायचे, असा बेत. त्यांचा माल घ्यायला स्वतःची वाइनरी बांधायची, हेही त्याने ठरवलं. १८९१ साली कामाला सुरुवात झाली आणि काही वर्षांत तीन त्रिकोणी माथ्यांची ती दगडी इमारत उभी राहिली. वेली लावल्या त्यांत शिराझ सर्वांत जास्त, मग कॅबरने, आणि थोडं मालबेक व पिनो न्वार. १८९७ साली वसाहतीला कूनवारा हे नाव मिळालं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत त्याचा अर्थ हनीसकल, मधाने भरलेल्या फुलांचं झुडूप, असा सांगतात.

रिडॉकची कल्पना मला अजूनही थोर वाटते. मेंढ्यांच्या रानावर एकटा धनगर फिरतो. त्याच जमिनीवर शंभर घरं बसवायची आणि त्यांचा माल घ्यायची हमी स्वतः द्यायची, असा विचार त्या काळच्या कुठल्या जमीनदाराने केला असता? पण त्याच्या हिशेबात एक भोक होतं. द्राक्ष घेणारा तो होता, वाइन घेणारा कोण, हे ठरलेलं नव्हतं. १८९३ साली ऑस्ट्रेलियात बँका कोसळल्या. वाइन बनत राहिली, पिंपं भरत गेली आणि तळघरात साठा वाढत गेला. १९०१ साली रिडॉक वारला.

पन्नास वर्षं नाव नसलेली

१९०१ हेच वर्ष आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी बिल रेडमन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा कामाच्या शोधात कूनवाराला आला आणि रिडॉकच्या तळघरात मजुरीला लागला. पिंपं धुणं, द्राक्षं ओढणं, हे काम. काही वर्षांतच त्याच्यावर तळघराची जबाबदारी आली. १९०८ साली त्याच्या घरच्यांनी तिथे स्वतःची जमीन घेतली आणि पुढची चाळीसेक वर्षं कूनवाराची लाल वाइन जिवंत राहिली ती मुख्यतः या एका कुटुंबामुळे.

या चाळीस वर्षांत रिडॉकची मोठी इमारत एका दारू गाळणाऱ्या कंपनीकडे गेली. त्या उत्तम लाल द्राक्षांची ब्रँडी होऊ लागली. लिहिताना मला वाईट वाटतं, पण बाजाराच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. त्या काळात ऑस्ट्रेलियात आणि ज्या ब्रिटनला ऑस्ट्रेलिया वाइन पाठवायचा तिथेही मागणी होती ती गोड, अल्कोहोल मिसळून कडक केलेल्या पोर्ट-शेरीसारख्या वाइनला. १९२४ साली सरकारने निर्यातीवर अनुदान दिलं तेही अशाच वाइनला. त्यासाठी लागतं उष्ण हवेतलं, साखरेने टम्म द्राक्ष. ते बरोसा खोऱ्यात आणि मरे नदीकाठी पिकायचं. कूनवाराचं गार हवेतलं, आंबट, कमी साखरेचं द्राक्ष त्या स्पर्धेत कुठेच नव्हतं. १९३०च्या दशकात तर वेली उपटण्यासाठी सरकारकडून पैसे मिळू लागले. वसाहतीतल्या अनेकांनी बाग काढून गायी घेतल्या. दुधाचे पैसे दर आठवड्याला हातात येतात.

हे वाचलं तेव्हा बांधावर रचलेली आमची खोडं डोळ्यांसमोर आली.

रेडमन वाइन बनवत राहिला, पण ती पिंपांतून घाऊक जायची. घेणारा व्यापारी अॅडलेडचा, बाटली त्याची, नाव त्याचं. पिणाऱ्याला वाइन आवडली तरी ती कुठल्या मातीतली, हे त्याला कळायचं नाही. मला या प्रकरणातली खरी गाठ इथे दिसते. कूनवाराची वाइन त्या काळातही खराब नव्हती. जाणकारांना ती ठाऊक होती. पण जागेची ओळख मधल्या हातात अडकली होती आणि जो ओळख अडकवतो तोच भाव ठरवतो. आपल्याकडे कांद्याचं आणि द्राक्षाचंही वेगळं काय होतं? लासलगावला लिलाव झाला की पुढे तो ‘नाशिकचा’, आणि परदेशी गेला की नुसता ‘भारताचा’.

१९४६ साली वुडलीज या अॅडलेडच्या कंपनीने ती जुनी इमारत घेतली आणि तिला ‘शातो कोमॉम’ असं फ्रेंच धाटणीचं नाव दिलं. रेडमन तिच्यात सामील होता. त्यांनी चांगल्या वाइन केल्या, पण पाच वर्षांत मालमत्ता पुन्हा विक्रीला निघाली.

१९५१: बाप-लेकाचा सौदा

विकत घेणारे होते सॅम्युअल विन आणि त्याचा मुलगा डेव्हिड. सॅम्युअल पोलंडमधल्या ज्यू कुटुंबात १८९१ साली जन्मला, म्हणजे रिडॉकच्या वाइनरीचं काम सुरू झालं त्याच वर्षी. मूळ आडनाव वाइनट्रॉब, अर्थ द्राक्ष. १९१३ साली तो मेलबर्नला आला, मजुरी केली, मग वाइनचं दुकान घेतलं, पुढे रेस्टॉरंट चालवलं. वाइन जेवणाबरोबर घ्यायची असते, हे त्याला युरोपातून ठाऊक होतं. मेलबर्नमध्ये त्याला तशीच गिऱ्हाइकं भेटली, आधी थोडी आणि दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, ग्रीस आणि पूर्व युरोपातून लोकांचे लोंढे आल्यावर पुष्कळ. गिऱ्हाईक कोण हे माहीत असलेल्या माणसाच्या हातात कूनवारा पहिल्यांदा आलं.

तरी सौदा धाडसाचा होता. ऑस्ट्रेलियात खपणाऱ्या वाइनपैकी बहुतांश अजून गोडच होती आणि कूनवारा कुठल्याही मोठ्या शहरापासून लांब. या सौद्यामागचा जोर डेव्हिडचा होता.

डेव्हिडने काय केलं? इमारत दुरुस्त केली, वेली लावल्या, यंत्रं आणली, हे कुणीही केलं असतं. माझ्या मते त्याची निर्णायक कामं दोन होती.

पहिलं म्हणजे नाव. ‘शातो कोमॉम’ त्याने पुसून टाकलं आणि ‘विन्स कूनवारा इस्टेट’ असं लिहिलं. फ्रेंच साज काढून जागेचं स्वतःचं नाव पुढे आणलं. लेबलाचं चित्र रिचर्ड बेक या चित्रकाराने केलं, ज्याने पुढे १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकचं भित्तिपत्रक (पोस्टर) केलं. लाकडी ठशासारख्या काळ्या रेघांत तीन त्रिकोणी माथ्यांची ती इमारत. ज्या इमारतीत वर्षानुवर्षं ब्रँडी गाळली गेली, तीच आता बाटलीवरची ओळख झाली. त्या काळातल्या लेबलांवर द्राक्षाचं आणि जागेचं नाव क्वचितच असायचं, ‘क्लॅरेट’, ‘बर्गंडी’, ‘हर्मिटेज’ अशी उसनी फ्रेंच नावं असायची. विन्सच्या बाटल्यांवरही हर्मिटेज हा शब्द बरीच वर्षं राहिला, शिराझला तेव्हा तसंच म्हणायचे. पण कूनवारा हे नाव आता लपत नव्हतं.

दुसरं काम तळघरातलं. १९५२ साली तिथे इयन हिकिनबॉटम हा तरुण वाइनतज्ज्ञ आला. गार हवेमुळे कूनवाराच्या द्राक्षात मॅलिक आम्ल जास्त राहतं. कच्च्या सफरचंदात असतं तेच. पहिलं आंबवण पूर्ण झाल्यावर काही जिवाणू या आम्लाचं लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. लॅक्टिक म्हणजे ताकातलं आम्ल, जिभेला कितीतरी सौम्य. हे कधी आपोआप व्हायचं, कधी व्हायचं नाही, आणि कधी बाटलीत भरल्यावर सुरू होऊन वाइन बिघडायची. पुढे ऑस्ट्रेलियन वाइन संशोधन संस्थेचे पहिले संचालक झालेले जॉन फोर्नाशॉन यांच्या मदतीने हिकिनबॉटमने हे रूपांतर जाणूनबुजून घडवलं आणि त्याची नोंद ठेवली. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक लाल वाइनला ही पायरी असते. नाशिकच्या वाइनऱ्यांतही असते. तेव्हा ती नवी होती.

१९५४ साली विन्सची पहिली कॅबरने निघाली, जिला पुढे काळ्या लेबलाची कॅबरने म्हणून नाव मिळालं. १९५५ साली निवडक शिराझची ‘मायकेल’ निघाली. हे डेव्हिडच्या मुलाचं नाव. जुन्या ऑस्ट्रेलियन वाइनबद्दल बोलताना आजही जाणकार तिचं नाव घेतात. १९५४ सालीच रेडमन कुटुंबानेही स्वतःच्या नावाने बाटली काढली. आडनावाचं फ्रेंच करून तिला ‘रूज ऑम’, लाल माणूस, म्हटलं. चाळीसेक वर्षं दुसऱ्याच्या बाटलीत वाइन ओतणाऱ्या माणसाला शेवटी स्वतःची बाटली मिळाली. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त आनंद देणारी ओळ हीच आहे.

मग शेजारी येऊ लागले. १९५५ साली मिल्डारा, १९६० साली पेनफोल्ड्स या वाइन कंपन्या. १९६५ साली लिंडमन्स या आणखी एका कंपनीने रूज ऑम विकत घेतलं. वेली उपटायला पैसे मिळत होते त्या पट्टीवर आता जमीन मिळेना.

दोन द्राक्षं एकत्र का?

आता बाटलीत काय आहे ते पाहू. कॅबरनेचा मणी लहान, साल जाड, बी मोठी. त्यामुळे रंग आणि टॅनिन, म्हणजे तोंड तुरट करणारं द्रव्य, भरपूर. वास काळ्या करवंदासारख्या बेरीचा, कधी पुदिन्याचा, कधी सीडरच्या लाकडाचा. पण एकट्या कॅबरनेचा घोट घेतला तर सुरुवातीला जोर जाणवतो, शेवटी तुरटपणा रेंगाळतो आणि मध्ये एक पोकळी राहते. शिराझ मऊ, गराची, काळी मिरी आणि पिकलेल्या जांभळाचा वास असलेली. ती बरोबर मधली जागा भरते. फ्रान्समध्ये बोर्दोवाले ही पोकळी मर्लोने भरतात. ऑस्ट्रेलियात मर्लो फारशी नव्हती, शिराझ मात्र सगळीकडे होती, म्हणून त्यांनी शिराझ घेतली. गरजेतून आलेली ही जोडी हळूहळू ऑस्ट्रेलियाची स्वतःची लाल वाइन बनली. १९६० साली पेनफोल्ड्सने बिन ३८९ काढली ती कॅबरने-शिराझच. १९६२ची त्यांची बिन ६०ए तर कूनवाराची कॅबरने आणि बरोसातल्या कलिम्ना बागेची शिराझ अशी होती. ऑस्ट्रेलियात बनलेल्या सर्वोत्तम वाइनमध्ये ती गणली जाते.

लेबलावरच्या नावांचा क्रमही अर्थपूर्ण असतो. ऑस्ट्रेलियाच्या नियमाप्रमाणे ज्या द्राक्षाचं प्रमाण जास्त ते आधी लिहायचं. म्हणून ‘कॅबरने शिराझ’ आणि ‘शिराझ कॅबरने’ या दोन वेगळ्या वाइन. एकाच द्राक्षाचं नाव लिहायचं असेल तर ते किमान ८५ टक्के असावं लागतं, आणि जागेचं नाव लिहायचं असेल तर तिथलंही ८५ टक्के.

कूनवाराच्या संदर्भात या क्रमात इतिहास दिसतो. रिडॉकच्या वेळी आणि विन बाप-लेकांनी जागा घेतली तेव्हाही तिथे शिराझचंच राज्य होतं. त्या पट्टीवर कॅबरने खरी रुजली ती त्यानंतर, जेव्हा लोकांना जेवणाबरोबर कोरडी लाल वाइन हवीशी झाली. आज कूनवारा म्हटलं की कॅबरनेच आठवते. त्यामुळे द गेबल्समध्ये कॅबरने पुढे आणि शिराझ मागे. पुढे दुसरं आयुष्य, मागे पहिलं. चवीतही तसंच वाटतं: आधी कॅबरनेचा ताठपणा येतो आणि मग खालून शिराझ हात देते. गार हवेमुळे दोन्हीत आंबटपणा टिकलेला, म्हणून जड वाटत नाही. मटणाच्या तांबड्या रश्श्याबरोबर ही जोडी मला फार आवडते. तिखट जास्त असेल तर मात्र टॅनिन जीभ कोरडी करतं.

दुसऱ्यांदा

शीर्षकात ‘दोनदा’ म्हटलं आहे, कारण गोष्ट १९५१ला संपली नाही.

मालकी विन कुटुंबाकडून १९७०च्या दशकात मोठ्या कंपन्यांकडे गेली आणि पुढे हात बदलत आज ट्रेझरी वाइन इस्टेट्सकडे आहे. त्या खरेदी-विक्रीत मला रस नाही. बागेत काय झालं ते महत्त्वाचं.

कूनवाराला माणसं कमी. १९७०-८०च्या दशकांत मजूर मिळेनात, तेव्हा छाटणी यंत्राने होऊ लागली आणि पुढे ‘किमान छाटणी’ आली. ऑस्ट्रेलियाची सरकारी संशोधन संस्था सीएसआयआरओ या पद्धतीवर काम करत होती. वेल वाढू द्यायची, फक्त बाजूने लोंबणाऱ्या काड्या कापायच्या. आपल्याला हे ऐकूनच कसंतरी होतं. आपण वर्षात दोनदा छाटतो, एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, आणि प्रत्येक काडीचे डोळे मोजतो. तिथे वेल थंडीत झोपते, वर्षात एकदाच छाटणी होते, आणि तीही सोडून द्यायची! खर्च वाचला. पण काही वर्षांत वेलीचं झुडूप झालं. ओलांड्यात, म्हणजे तारेवर आडव्या पसरलेल्या फांद्यांत, मेलेलं लाकूड साठलं. घड शेकड्यांनी, पण लहान, आणि एकाच वेलीवर कच्चे-पिके एकत्र. वाइनला पातळपणा आणि हिरवट वास येऊ लागला. नाव मोठं आणि माल हलका, हे संकट १९३०पेक्षा कमी गंभीर नव्हतं. तेव्हा माल होता आणि नाव नव्हतं.

१९९०च्या दशकात तिथे आलेल्या सू हॉडर १९९८ साली मुख्य वाइनमेकर झाल्या. बागेचे प्रमुख अॅलन जेनकिन्स आणि वाइनमेकर सारा पिजन यांच्यासोबत त्यांनी बागेपासून सुरुवात केली. करवतीने जुने ओलांडे कापले, मेलेलं लाकूड काढलं, खोडावरून नवी काडी घेऊन वेल पुन्हा तारेवर बसवली. जिथे वेल पार गेली होती तिथे नवी लावली. छाटणी पुन्हा हाताने. हे सगळं बिघा-बिघाने, वर्षानुवर्षं. नवीन ओलांडा तयार होईपर्यंत उत्पन्न घटतं, हे कुठल्याही बागाईतदाराला सांगायला नको. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात हा काळ सोसून घेणं किती अवघड असेल याची मी कल्पना करू शकतो. त्याच काळात त्यांची सर्वांत महाग वाइन, १९८२ साली सुरू झालेली ‘जॉन रिडॉक’, २०००, २००१ आणि २००२ अशी सलग तीन वर्षं निघालीच नाही. द्राक्ष त्या तोडीचं नाही, तर बाटली नाही. मला हा निर्णय त्या इमारतीच्या दगडांइतकाच भक्कम वाटतो.

पुढचा फरक आंबवणाच्या टाक्यांत पडला. आधी पूर्ण बागेचा माल मोठ्या टाक्यांत एकत्र जायचा. आता छोट्या टाक्या घेऊन एकेका तुकड्याचं द्राक्ष वेगळं आंबवतात. त्यामुळे कुठल्या तुकड्याची शिराझ कुठल्या तुकड्याच्या कॅबरनेत चांगली बसते, हे चाखून ठरवता येतं. साध्या मिश्रणालाही याचा फायदा झाला, कारण ज्या पिंपाला वरची जागा मिळाली नाही ते खालच्या बाटलीत येतं आणि ती बाटली सुधारते. वाइनरीचा दर्जा तपासायचा असेल तर मी तिची सर्वांत महाग बाटली मागत नाही, मधली मागतो.

सीमा आणि जकात

कूनवारा हे नाव मौल्यवान झालं तसं भांडण सुरू झालं: कूनवारा म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत? फक्त लाल माती, की शेजारची काळी जमीनही? वर्षानुवर्षं सुनावण्या झाल्या, प्रकरण फेडरल कोर्टापर्यंत गेलं आणि २००३ साली सीमा अधिकृतपणे नोंदली गेली. लाल पट्टीपेक्षा ती बरीच मोठी आहे. लाल मातीच्या मालकांना हे रुचलं नाही, आणि मला त्यांचं दुःख समजतं. पण सीमेबाहेर राहिलेल्या शेतकऱ्याचं दुःखही तेवढंच खरं असतं. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आपल्याकडे हा वाद अजून पेटलेला नाही, कारण त्या नावाला तेवढी किंमत अजून आलेली नाही.

ऑस्ट्रेलियन वाइन आपल्याकडे येण्याची वाटही आता थोडी रुंद झाली आहे. २९ डिसेंबर २०२२पासून लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार कराराने ७५० मिलिलिटरच्या पाच अमेरिकी डॉलरपासून वरच्या बाटलीवरची आयात जकात १५० टक्क्यांवरून १०० टक्के झाली, आणि दहा वर्षांत ती ५० टक्क्यांवर येणार आहे. पंधरा डॉलरपासून वरच्या बाटलीला ७५ टक्क्यांपासून सुरुवात, शेवटी २५. पाच डॉलरच्या आतल्या बाटलीला सवलत नाही. म्हणजे स्वस्त वाइनशी आपली स्पर्धा होणार नाही, मधल्या थरात होईल. तिथेच आपल्याकडच्या अनेक वाइनऱ्यांची शिराझ-कॅबरने उभी आहे. तीच जोडी, फक्त क्रम उलटा. आपल्याकडे शिराझ लवकर आणि खात्रीने पिकते, म्हणून ती पुढे. आपल्या हवेला हाच क्रम योग्य आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कूनवाराची नक्कल म्हणून कॅबरने पुढे आणायला जाऊ नये.

कूनवारात १९५४ साली लावलेला कॅबरनेचा एक तुकडा आहे, जॉन्सन्स ब्लॉक. त्या पट्टीवरची सर्वांत जुनी कॅबरने तीच मानतात. विन्सची पहिली कॅबरने निघाली त्याच वर्षी त्या वेली जमिनीत गेल्या, किमान छाटणीच्या काळातून गेल्या आणि करवतीखालून पुन्हा फुटल्या. त्या वेलींच्या काड्या घेऊन विन्सने नव्या लागवडीसाठी निवड चालवली आहे, काही खुंटांवर कलम करूनही पाहत आहेत.

आमच्या बांधावरची शिराझची खोडं केव्हाच सरपणात गेली. पण विहिरीच्या कडेला एक वेल नानांनी काढली नव्हती. कारण विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. यंदा ऑक्टोबर छाटणीला तिच्या वीस काड्या मी बाजूला काढून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवल्या आहेत.